मिन्नेरियाचे हत्ती: नाशिकहून निघण्याआधी तलावाचं पाणी बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घरातली पाच माणसं: तुम्ही दोघं, कॉलेजात जाणारा मुलगा, दहा वर्षांची मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. जंगली हत्ती बघायचेत, साखळदंडातले नकोत. श्रीलंकेतल्या मिन्नेरिया राष्ट्रीय उद्यानात एका वेळी तीनशे हत्ती दिसतात असं ऐकलंय. टूरवाल्याने दिवाळीच्या सुट्टीचं पॅकेज पुढे केलंय आणि त्यात मिन्नेरियाची एक सफारी आहे. जावं का, एक सफारी पुरेल का, आणि उघड्या जीपमध्ये लेकराला न्यायला भीती नाही ना, असं तुम्ही विचारलंत.

जरूर जा. मात्र दिवाळीत नको, आणि एका सफारीच्या भरवशावर तर मुळीच नको. मी नाशिकहून लहान गट घेऊन जंगलात जातो. हत्तींसाठी कर्नाटकातल्या कबिनीला जातो तसा श्रीलंकेलाही जातो. पॅकेज विकणारे सहसा जे सांगत नाहीत तेवढंच इथे सविस्तर सांगतो.

आधी जागा समजून घ्या. मिन्नेरिया फार लहान आहे, जेमतेम 88.89 चौरस किलोमीटर. ताडोबाचं मूळ राष्ट्रीय उद्यान 116 चौरस किलोमीटरचं, आणि आपलं नांदूर मध्यमेश्वर अभयारण्य कागदावर 100 चौरस किलोमीटरचं. म्हणजे मिन्नेरिया आपल्या घराजवळच्या पक्षी अभयारण्यापेक्षाही छोटं. एवढ्याशा जागेत शेकडो हत्ती कसे मावतात? ते तिथे राहतच नाहीत. मिन्नेरिया, गिरिताले, कावुडुल्ला, हुरुलू आणि दक्षिणेकडचं वसगमुवा अशा मोठ्या टापूत ते वर्षभर फिरतात. कोरड्या महिन्यांत मात्र मिन्नेरियाच्या तलावाकाठी गोळा होतात. इंग्रजीत ज्याला ‘द गॅदरिंग’ म्हणतात तो प्रकार हाच. भरात असताना खरोखर दोनशे-तीनशे हत्ती एका नजरेत दिसतात. टूरवाला त्या आकड्याबाबत खोटं बोललेला नाही. तो आकडा कुठल्या दिवसांतला, एवढं सांगायचं त्याने टाळलंय.

आता तलावाची गोष्ट. तो नैसर्गिक नाही, धरण आहे. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस महासेन नावाच्या राजाने तो बांधला. अंबन गंगा नदीचं पाणी एलाहेराच्या कालव्याने वळवून इथे साठवलं आणि त्यावर भातशेती उभी केली. तिथले शेतकरी या राजाला आजही मिन्नेरीचा देव म्हणून पूजतात. धरण बांधणाऱ्याला देव करणं नाशिककरांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गंगापूर धरणाचं पाणी कुणाला किती, यावर आपल्याकडे दर वर्षी काय होतं ते आपण बघतोच.

तलावाच्या पाण्यावर उन्हाळी भात पिकतं. त्या हंगामाला तिथे ‘याला’ म्हणतात आणि तो साधारण मे ते ऑगस्ट असा चालतो. भाताला आवर्तनं सुटत जातात तशी तलावाची पातळी उतरते. पाणी मागे सरकलं की बुडीत क्षेत्र उघडं पडतं आणि त्या ओल्या गाळावर कोवळं, आखूड गवत उगवतं. आपल्याकडे अशा जमिनीत शेतकरी गाळपेर करतो. तिथे ती गाळपेर हत्तींच्या वाट्याला येते. आजूबाजूचं जंगल तेव्हा वाळलेलं असतं, लहान पाणवठे आटलेले असतात, आणि तलावाकाठी चारा आणि पाणी दोन्ही एकाच जागी मिळतं. म्हणून हत्ती येतात. नांदूर मध्यमेश्वरला बंधाऱ्याची पातळी उतरून चिखल उघडा पडला की चिखले पक्षी उतरतात आणि पाणी चढवलं की उठून जातात, हे तुम्ही पाहिलं असेल. मिन्नेरियात पक्ष्यांच्या जागी हत्ती आहेत, बाकी गणित तेच.

अडचणही इथेच आहे. याच अंबन गंगेवर मोरगहकंद नावाचं नवं मोठं धरण 2018 च्या सुमारास पूर्ण झालं. त्याचं पाणी मिन्नेरियाकडे येऊ लागलं, आणि ऐन ऑगस्ट-सप्टेंबरात तलाव भरलेला राहिला अशी वर्षं आली. शेतकऱ्यांना ते सोयीचं. गवत मात्र पाण्याखाली, त्यामुळे हत्ती दुसरीकडे. जुन्या लेखांत आणि पॅकेजच्या पत्रकांत ‘ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे हमखास’ असं लिहिलेलं दिसेल. ते लिहिलं तेव्हा खरं होतं. आता महिना बघून तिकीट काढायला हरकत नाही, पण कुठल्या दिवशी कुठल्या उद्यानात शिरायचं हे पाण्याची पातळी बघूनच ठरवायचं. माझ्या सगळ्या उत्तरातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

घरबसल्या पातळी कशी बघायची? कॉलेजातल्या मुलाला हे काम द्या, त्याला आवडेल. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एकाच जागेचं नवं चित्र साधारण दर पाच दिवसांनी येतं, ढग नसले म्हणजे झालं. मिन्नेरिया तलाव शोधायचा आणि पाण्याच्या कडेला हिरवा पट्टा किती रुंद आहे ते बघायचं. रुंद, सलग हिरवा पट्टा असेल तर उत्तम. पाणी थेट झाडीला टेकलं असेल तर मिन्नेरियाचा नाद सोडून कावुडुल्लाकडे बघायचं. त्याच खटाटोपात मागच्या दोन-तीन वर्षांची ऑगस्टमधली चित्रंही शेजारी लावून बघा, फरक डोळ्यांत भरतो. उपग्रहाची कटकट नको असेल तर ज्या हॉटेलात उतरणार त्यांना व्हॉट्सअॅपवर विचारा, मात्र ‘हत्ती दिसतात का’ असं विचारू नका. त्याचं उत्तर बाराही महिने ‘हो’ असतं. ‘काल दुपारी जीप कुठल्या उद्यानात गेल्या?’ असं विचारा.

कावुडुल्लाही त्याच महासेनाच्या तलावाभोवतीचं उद्यान, 69 चौरस किलोमीटरचं, 2002 मध्ये जाहीर झालेलं. मिन्नेरियाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 1997 मध्ये मिळाला. दोन्हींच्या मधोमध हबरणा हे गाव, आणि तिथून हुरुलू इको पार्कही जवळच. हत्ती या तिन्ही ठिकाणी येऊन-जाऊन असतात. ढोबळ क्रम असा की जुलै ते सप्टेंबर मिन्नेरिया, सप्टेंबर-ऑक्टोबरात कावुडुल्ला, आणि पावसाळ्यात तलाव भरल्यावर हुरुलू. पण क्रम ढोबळच आहे, तो हत्तींनी वाचलेला नाही. म्हणून मुक्काम हबरणातच करा. सिगिरियाला तलावाकाठची देखणी रिसॉर्ट आहेत, पण हबरणातून तिन्ही दरवाजे जवळ पडतात आणि दुपारी बारा वाजता बेत बदलता येतो.

दिवाळीचं का नको म्हणालो तेही सांगतो. श्रीलंकेच्या या कोरड्या पट्ट्यात आपला नैऋत्य मोसमी पाऊस जवळपास पोचत नाही. इकडे नाशकात श्रावण-भाद्रपदात धो धो पडत असतो तेव्हा तिकडे कडकडीत ऊन. त्यांचा मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत, ईशान्येकडून येणारा. दिवाळी नेमकी त्याच्या तोंडावर सापडते. तेव्हा तलाव भरू लागलेले असतात, रानात जागोजाग पाणी आणि कोवळा पाला मिळतो, आणि हत्तींना एका जागी जमायचं कारण उरत नाही. हत्ती दिसतील, पण पाच-दहा, झाडीआड. त्यासाठी विमानाचे पैसे घालवू नयेत असं माझं मत.

तुमच्यासाठी गणपतीचे दिवस किंवा त्यानंतरचा पितृपक्ष सोयीचा. घरात गणपती बसत असेल तर विसर्जनानंतर निघा. पितृपक्षात आपल्याकडे सहलीला जाणारे कमी, त्यामुळे विमानाचं तिकीट त्यातल्या त्यात बरं मिळतं. सासूबाईंना तो काळ चालतो का, हे मात्र तुम्हीच विचारा, त्यात मी पडत नाही. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जाणार असाल तर नाशकात सिंहस्थाची पर्वणी असेल. पाहुण्यांनी घर भरण्याआधी निसटायचं की त्यांना सोडून जायचं, हा प्रत्येक नाशिककराच्या घरातला वेगळा विषय.

श्रीलंकेत दर पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते, तिला पोया म्हणतात. पोया आणि शनिवार-रविवार या दिवशी स्थानिक कुटुंबंही उद्यानात येतात आणि जीपची रांग लागते. तारखा ठरवताना कॅलेंडरमध्ये पौर्णिमा बघून दोन्ही सफाऱ्या मधल्या वारी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये कँडीला एसला पेराहेराचा मोठा उत्सव असतो. तेव्हा कँडीत राहायचं असेल तर खोल्या फार आधी धराव्या लागतात आणि दामदुप्पट पडतात. फक्त हत्तींसाठी जाणार असाल तर कँडी गाळली तरी चालतं.

प्रवास सोपा आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटातली रखडपट्टी टळली, पण आमणेच्या पुढे भिवंडी-ठाण्यात वेळ हाताशी ठेवूनच निघा. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे, साधारण अडीच तासांचं. विमानतळ कोलंबो शहरात नाही, कटुनायके इथे आहे. त्यामुळे शहरात शिरूच नका. तिथून कुरुनेगला, दांबुल्ला करत हबरणाला गाडीने चारेक तास लागतात. पहाटेचं विमान घेतलं तर दुपारी पोचाल, पण त्या दिवशी सफारी धरू नका. रात्रीचं विमान असेल तर विमानतळाजवळ नेगोम्बोला झोपा आणि सकाळी निघा. हबरणाच्या आसपासचे रस्ते अंधारात हत्ती ओलांडतात, त्यामुळे त्या भागात रात्री गाडी चालवणं मी कटाक्षाने टाळतो. जाण्याआधी ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, हिचे चालू नियम सरकारी संकेतस्थळावरच बघा. ते गेल्या काही वर्षांत अनेकदा बदललेत, आणि नक्कल करणारी महागडी संकेतस्थळं भरपूर आहेत.

सफाऱ्या दोन घ्या, दोन्ही दुपारच्या, लागोपाठच्या दिवशी. पॅकेजमध्ये बऱ्याचदा सकाळची सफारी टाकतात, कारण त्यानंतर गाडी पुढच्या गावाला नेता येते. सकाळी पक्षी छान दिसतात. हत्ती मात्र दिवस तापेल तसे झाडीत सावलीला थांबतात आणि ऊन उतरू लागलं की तलावाकाठच्या कुरणावर येतात. अडीच-तीनला आत शिरायचं आणि सहाला उद्यान बंद होईपर्यंत थांबायचं. मिन्नेरियाचं फाटक हबरणा-पोलोन्नरुवा रस्त्यावर अंबगसवेवाला आहे. तिथून तलावापर्यंत झाडीतली वाट आहे आणि तिला बरेच खड्डे आहेत. प्रवेश फी, सेवाशुल्क, कर आणि जीपचं भाडं वेगवेगळं लागतं. ‘सफारी समाविष्ट’ असं कुणी लिहिलं असेल तर यातलं नेमकं काय समाविष्ट ते लेखी घ्या, कारण परदेशी पाहुण्यांची फी किरकोळ नसते.

सासूबाईंचं सांगतो. जीपमध्ये चढायची पायरी उंच असते आणि मागच्या बाकांवर खड्डा लागला की पाठीला दणका बसतो. त्यांना चालकाशेजारची पुढची जागा द्या, हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा. आत तीन तास स्वच्छतागृह नाही असं समजूनच निघायचं. जीपमधून उतरायला परवानगी नसते. हे ऐकून त्या नको म्हणाल्या तर आग्रह करू नका, एक दिवस त्यांना हॉटेलात झाडाखाली बसू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलोन्नरुवाला न्या. जुन्या राजधानीचे अवशेष बरेचसे सपाटीवर आहेत, गाडी जवळपर्यंत जाते, आणि गल विहाराच्या एका खडकात कोरलेल्या बुद्धमूर्ती, त्यातला महापरिनिर्वाणाचा पहुडलेला बुद्ध, त्यांना नक्की आवडेल. सिगिरियाचा खडकावरचा किल्ला मुलांसाठी ठेवा. हजारावर पायऱ्या आहेत आणि वणीच्या गडासारखी फ्युनिक्युलर ट्रॉली तिथे नाही.

आता हत्ती समोर आल्यावर काय बघायचं. बहुतेक लोक पहिली दहा मिनिटं फोटो काढतात आणि मग कंटाळतात, कारण काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. चालकाला इंजिन बंद करायला सांगा आणि एकाच कुटुंबावर नजर ठेवा.

पहिल्यांदा पाय बघा. तलावाकाठचं गवत इतकं आखूड असतं की सोंडेला पकड मिळत नाही. मग हत्ती पुढच्या पायाच्या नखांनी ते खरवडून सैल करतो, सोंडेने गोळा करतो, पायावर आपटून माती झाडतो आणि मग तोंडात घालतो. आपण कोथिंबिरीची जुडी हातावर झटकतो तसंच. मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोपर्यंत चारा लागतो, आणि तो असा मुठीमुठीने गोळा करायचा म्हणजे दिवसाचा बहुतेक वेळ खाण्यातच जातो. पिल्लांना हे तंत्र येत नाही. सोंड कुठे वळवावी हेच त्यांना कळत नसतं, कधी स्वतःच्याच सोंडेवर पाय देतात. तुमची मुलगी यातच रमेल. अगदी लहान पिल्लू आईच्या पोटाखालून सहज जातं. तेवढं असेल तर ते वर्षाच्या आतलं समजा. आईच्या पोटात ते वीस-बावीस महिने होतं हेही तिला सांगा.

वय ओळखायला कान बघा. वय वाढतं तशी कानाची वरची कड पुढे दुमडत जाते, कडा फाटतात, आणि कानावर, सोंडेच्या मुळाशी गुलाबी ठिपके वाढतात. नर-मादी ओळखताना सुळ्यांवर जाऊ नका. श्रीलंकेत सुळे असलेले नर दहात एकही भरत नाहीत. बहुतेक मखनेच, म्हणजे बिनसुळ्यांचे नर. त्यामुळे सिंधुदुर्गातल्या टस्करांचे फोटो बघून गेलेला माणूस तिथे ‘सगळ्या माद्याच आहेत’ म्हणतो. नर एकटा असतो किंवा कळपाच्या कडेने फिरत असतो, डोकं आणि सोंडेचं मूळ जाड असतं. या दिवसांत नर येतात ते माद्यांच्या शोधात. एखादा नर मादीच्या मुताला सोंडेचं टोक लावून ते तोंडात टाळ्याशी नेताना दिसेल. ती माजावर आहे का, हे तो असा तपासतो.

कळप म्हणजे एक आजी आणि तिच्यामागे जन्मभर फिरणाऱ्या लेकी-नाती, हे चित्र आफ्रिकी हत्तींवरून आलंय. आशियाई हत्तींचं नातं सैल असतं. श्रीलंकेतच उडावालावे इथे शर्मिन डी सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखीच्या माद्यांचा बराच काळ मागोवा घेतला. माद्या ऋतूप्रमाणे सोबत बदलतात, पण काही मैत्रिणी वर्षानुवर्षं टिकतात, असं त्यांनी 2011 मध्ये मांडलं. मिन्नेरियाच्या कुरणावर हे समोर घडताना दिसतं. दोन गट जवळ येतात, सोंडा एकमेकींच्या तोंडाशी, गालाशी नेतात, पिल्लं मिसळतात आणि अर्ध्या तासाने वेगळ्याच जोड्या करून पांगतात. कधी सगळा कळप एकाच क्षणी थबकतो किंवा वळतो आणि आपल्याला तर काहीच ऐकू आलेलं नसतं. हत्ती माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खालच्या पट्टीत बोलतात. 1984 मध्ये संशोधक केटी पेन यांना अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात आशियाई हत्तींजवळ उभं असताना हवेतली थरथर जाणवली आणि त्यावरून हा शोध लागला. इंजिन चालू ठेवलं तर हे सगळं हुकतं.

पक्षी बघणारे असाल तर रंगीत करकोचे, पाणकावळे आपल्या ओळखीचे भेटतील, आणि करडे पेलिकन तलावात पोहताना दिसतील. आठ बाय बेचाळीसची एक दुर्बीण घरात सगळ्यांना पुरते. कॅमेऱ्याला फार लांबची लेन्स लावून बसू नका. अख्खा तलाव आणि त्यावर पसरलेले हत्ती साध्या मोबाइलवर जास्त चांगले येतात.

भीतीबद्दल. मिन्नेरियाचे हत्ती जीपला सरावलेले आहेत. धोका असतो तो आपल्या वागण्यातून. हत्ती निवांत असला की कान सावकाश हलत राहतात, शेपूट झुलते, खाणं चालू असतं. खाणं थांबलं, कान ताठ पसरले, डोकं वर गेलं, किंवा एक पुढचा पाय अधांतरी झुलवत उभा राहिला तर तो विचारात पडलाय असं समजा. तेवढ्यावर मागे सरलं तर प्रकरण तिथेच संपतं. माद्यांनी पिल्लाला मध्ये घेऊन त्याच्याभोवती गर्दी केली तरी तेच. डोळा आणि कान यांच्या मधून काळपट ओघळ वाहत असलेला नर म्हणजे मदात आलेला, त्याच्यापासून भरपूर अंतर. जीपने दोन्ही बाजूंनी कळपाला घेरणं हा गर्दीच्या दिवसांतला सगळ्यात वाईट प्रकार. तुमचा चालक त्यात शिरू लागला तर स्पष्ट नको म्हणा. ‘जवळ नको, वेळ जास्त हवा’ एवढं निघतानाच सांगितलं आणि त्याप्रमाणे वागल्यावर बक्षिसी दिली की पुढच्या दिवशी तोच चालक आपण होऊन शोधत येतो. मुलीला आधीच समजावा: उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही, खाऊची पिशवी बाहेर काढायची नाही.

रस्त्याकडेला एखादा हत्ती उभा असेल आणि लोक गाडीतून फळं देत असतील तर तुम्ही थांबू नका. अशा हत्तीला गाड्या अडवायची सवय लागते आणि शेवटी त्यात त्याचाच किंवा कुणा माणसाचा जीव जातो. श्रीलंकेत हत्तींच्या वावराच्या सुमारे 70 टक्के टापूत माणसांची वस्ती आहे. अलीकडे दर वर्षी तीनशेहून जास्त हत्ती आणि शंभराहून जास्त माणसं या झगड्यात आणि अपघातांत मरतात. फेब्रुवारी 2025 मध्ये हबरणाजवळच प्रवासी रेल्वे कळपावर आदळली आणि सहा हत्ती गेले. ज्या हत्तींचे फोटो आपण काढून आणतो त्यांच्या शेजारी भात पिकवणारा शेतकरी रात्र जागून काढत असतो, हे आपल्या निफाड-दिंडोरीकडे बिबट्यामुळे संध्याकाळी मळ्यात जायला घाबरणाऱ्या माणसाला लगेच कळेल.

याच कारणाने, ‘दोडामार्गात हत्ती आहेत तर तिकडेच का नको?’ या तुमच्या यजमानांच्या प्रश्नाला माझं उत्तर नाही असं आहे. 2002 पासून कर्नाटकातून आलेले हत्ती सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे आहेत, आणि 2021 पासून छत्तीसगडकडून आलेला कळप गडचिरोलीत. ते लोकांच्या बागांत आणि शेतांत वावरतात. तिथे बघ्यांची गर्दी म्हणजे वनखात्याला आणि गावकऱ्यांना नसता ताप.

देशातच जायचं असेल तर कबिनी. नागरहोळे राष्ट्रीय उद्यानाच्या या बाजूला मार्च ते मे या काळात धरणाचं पाणी उतरतं, तेच गाळपेरीचं गवत उगवतं आणि हत्ती काठावर येतात. सुळेवाले नरही दिसतात, जे मिन्नेरियात क्वचित. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत बसतं, पासपोर्ट लागत नाही. मात्र तिथे वाघामुळे सगळ्या जीप वाघामागे धावतात, हत्ती बघायला थांबा म्हटलं तर बाकीचे पर्यटक कुरकुर करतात. नोव्हेंबर 2025 मध्ये वाघांच्या हल्ल्यांनंतर कर्नाटक सरकारने बंदीपूर-नागरहोळेतल्या सफाऱ्या थांबवल्या होत्या, तेव्हा आरक्षणाआधी चालू स्थिती विचारा. आणि दिवाळीतच, श्रीलंकेलाच जायचं असा घरात ठराव झाला असेल तर टूरवाल्याला मिन्नेरिया काढून दक्षिणेतलं उडावालावे घालायला सांगा. ते 308 चौरस किलोमीटरचं, मोकळं, आणि तिथे वर्षभर हत्ती दिसतात. तीनशेचा मेळा नाही, पण निराशा होत नाही. तिथेच अनाथ पिल्लांचं संगोपन केंद्र आहे. ती मोठी करून जंगलात सोडतात, म्हणून पाहुण्यांना फक्त लांबून, दूध पाजण्याच्या वेळी बघू देतात. पिन्नावलाचं हत्तींचं अनाथालय पॅकेजमध्ये असेल तर काढून टाका, तुम्हाला साखळदंडातले नकोत असं तुम्हीच म्हणालात. हबरणात हत्तीवर बसवून फिरवणारे भेटतील, त्यांनाही नाही म्हणा.

राहिलं जेवण. तुम्ही शाकाहारी आहात असं लिहिलंत, म्हणून एक खुबी सांगतो. तिथली भात-भाजीची थाळी शाकाहारी माणसाला छान चालते: मसुरीची नारळाच्या दुधातली आमटी, भोपळा, फणस, बीन्स. पण नारळाच्या ओल्या चटणीसारखा दिसणारा पोल सांबोल असतो त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा चुरा घातलेला असतो, आणि तो दिसत नाही. ‘व्हेज’ म्हटलं तरी तो शाकाहारीच समजून वाढतात. ‘माल्दिव फिश नको’ असे नेमके शब्द वापरा. सासूबाईंसाठी दशम्या आणि लसणाची कोरडी चटणी बरोबर असू द्या, फक्त तो डबा सफारीला न नेता खोलीतच ठेवा.